ताईच्या खोलीतलं बियाणं

३ मार्च
नोकरी पक्की झाली. मालकांनी स्वतः फोन करून आईला सांगितलं आणि आईने सगळ्या गल्लीला. मावसबहीण, म्हणजे आमची ताई, जिथे काम करते त्याच अळंबीच्या कारखान्यात. राहायची खोली शेडच्या वर आहे, छान उजेडाची. खाली मात्र अंधार, ओल्या मातीचा वास आणि मांडण्यांवर पांढऱ्या टोप्यांच्या रांगा. ताईने हौसेने फिरवलं. "छोटी आली, आता माझे पाय दाबायला कोणीतरी आहे," असं सगळ्यांना सांगत सुटली होती.

केमिस्टने काम समजावलं. अळंबीच्या पेशींत अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तोडलेली अळंबी पट्ट्यावर उताणी मांडून अतिनील दिव्याखालून सोडली की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. लागवडीच्या ज्या खोलीतल्या अळंबीत अर्गोस्टेरॉल जास्त, तिचा माल सरस. मला ताईच्या शेजारची, बियाणं आधीच पेरलेली खोली मिळाली. नवं युनिट उघडणार आहे. ज्याचा माल सरस, त्याच्या हाती ते देणार, असं मालक म्हणाले.

१२ मार्च
पहिली तोडणी. माझी अळंबी टपोरी, एकसारखी. केमिस्टने तपासली. ताईचं अर्गोस्टेरॉल माझ्या दुपटीच्या वर. माती तीच, पाणी तेच, बियाणं एकाच गोणीतलं. संध्याकाळी आईचा फोन आला. ताईच्या हाताला गुणच आहे, म्हणाली, जरा बघून शीक. शाळेपासून हेच ऐकते आहे.

१९ मार्च
बघून शिकायला गेले. ताई हातमोजे काढून, कोपरापर्यंत हात मातीत खुपसून बसली होती. डोळे मिटलेले. मला बघून दचकली. माझ्या वाफ्यांना हात लावू नकोस, म्हणाली, मास्कशिवाय इथे येऊही नकोस. मी हसून विचारलं, एवढं काय सोनं पुरलंय? ती हसली नाही. "ऐक माझं, छोटी. माझं आहे ते माझ्यापाशीच राहू दे."

म्हणजे हातचं काही द्यायचं नाही. वर प्रेमाने सांगितल्यासारखं.

२१ मार्च
ताई जेवायला गेली तेव्हा तिच्या वाफ्यातलं ओंजळभर बियाणं आणलं. पांढऱ्या तंतूंचा गोळा, कोमट. माझ्या मातीत कालवलं आणि तिच्यासारखेच हात खुपसून बसले. हातमोजे न घालता. उठावंसं वाटेना.

२ एप्रिल
केमिस्टने यंत्र दोनदा चालवलं. मी ताईच्या बरोबरीला! मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. तिचा चेहरा उतरला. जळू दे. एवढी वर्षं मी जळले.

७ एप्रिल
बोटांच्या बेचक्यांत पांढरं काहीतरी. धुतलं तरी जात नाही. खाज नाही, दुखत नाही. भूक मेली आहे. वरच्या खोलीत उजेड फार आहे, म्हणून बिछाना खाली आणला.

ताई दाराबाहेर उभी राहून रडली. तिलाही असंच झालं, म्हणाली, म्हणून तर नको म्हणत होते, आता तरी आईकडे निघून जा. मी गेले की युनिट कोणाला मिळणार, ते मला कळत नाही का!

११ एप्रिल
बोटं बघून केमिस्टने आमचं दोघींचं रक्त तपासलं. माणसाच्या अंगात कोलेस्टेरॉल असतं, म्हणाला, अर्गोस्टेरॉल फक्त बुरशीत. तुमच्या रक्तात —
त्याने तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.
मी एवढंच विचारलं, ताईचं किती?
माझं जास्त आहे. ताईपेक्षा जास्त.

१३ एप्रिल
केमिस्ट नोकरी सोडून गेला. मालक आता खोलीत येत नाहीत, दारातूनच बघतात. काल त्यांना कोणाला तरी सांगताना ऐकलं, असा माल बाजारात कुठेच नाही. माल म्हणजे — अळंबीच ना —

लेखणी नीट धरवत नाही. बोटं एकमेकांना चिकटतात.

१४
ताईही आता खालीच असते. मधल्या भिंतीच्या भेगेतून तिचे तंतू माझ्या बाजूला आलेत. तिला काय वाटतं ते मला कळतं. ती घाबरली आहे — माझ्यासाठी. अजूनही मोठेपणा सोडत नाही —

१५
पट्टा पुसून ठेवलाय. मालकांनी दिव्याची नवी नळी बसवली. आम्हाला दोघींना बोलावलंय.
ताई आधी जाऊन उताणी पडली. मला म्हणते, तू थांब, आधी माझ्यावर काय होतं ते बघू देत, काही झालं तर तू पळ —
नेहमी हिचाच नंबर पहिला —
माझं जास्त आहे. केमिस्टने सांगितलंय. सरक म्हटलं, ताई — सरक —
मालक बटणापाशी गेलेत. आता दिवा लागेल, आणि आधी मी —