भिंतीपलीकडचं हवामान

चारकोप, कांदिवली
मे १९८९

तीर्थरूप लवूमामांस, भाचा धोंडू याचा साष्टांग नमस्कार. (इथल्या खोलीत साष्टांग घातला तर पाय मोरीत जातात, तेव्हा निम्मा आत्ता घातला आहे, उरलेला गावी आल्यावर.) आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे? आम्ही सगळे बरे आहोत, पृथ्वी तेवढी आजारी आहे.

पेपरात आलं होतं की जगाचं तापमान वाढतंय आणि सगळ्या देशांनी मिळून त्याचा अभ्यास करायला हवा. मला ते फार पटलं. वारा काही भिंत बघून वाहत नाही. शेजारच्या सोसायटीत बंब पेटतो आणि खोकतो आम्ही. म्हणून तिथले चेअरमन शरच्चंद्र (म्हणजे आमच्या मालनचे होणारे सासरे) यांना म्हटलं, संशोधन एकत्र करू. तर म्हणाले, तुमचं हवामान तुम्ही बघा, आमचं आम्ही बघतो. झालं, दोन्हीकडे स्वतंत्र संशोधन सुरू. साधन मात्र एकच, घरातला तापाचा थर्मामीटर.

आमचा मी भिंतीवर उन्हात बांधला. पहिल्याच दुपारी पारा एकशे सातवर गेला तो तिथेच. पहाटेसुद्धा एकशे सात! (आमची ही, म्हणजे सुलक्षणा, म्हणाली, जरा झटकून बघा. मी म्हटलं, संशोधनात ढवळाढवळ चालणार नाही.) शरच्चंद्रांनी काच तडकेल या भीतीने त्यांचा माठात ठेवला. पारा जागचा हललाच नाही. त्यांनी फळ्यावर लिहून टाकलं की हिमयुग येतंय.

इथवर ठीक होतं, पण लग्न याच महिन्यातलं. आम्ही म्हटलं, मुहूर्त पहाटेचा आणि नवरदेव मलमलच्या सदऱ्यात. ते म्हणाले, भर दुपारी, लोकरी सुटात, आणि वऱ्हाडाला मानाच्या शाली. मी म्हटलं जावई भाजून निघेल, ते म्हणाले तुमचे आकडे खोटे. बोलणी फिसकटली. मालन जेवेना. मग मलाही घास जाईना, मामा. पण माघार कशी घ्यायची? प्रश्न पृथ्वीचा होता.

शेवटी मालनच म्हणाली, "बाबा, हवामानाची वाट लागली ती लागली, माझ्या लग्नाची लावू नका ना!" आणि अलीकडून ती, पलीकडून बाळा (नवरदेव) अशा दोघांनी काम हाती घेतलं. आमचा झटकला, त्यांचा माठातून काढला, दोन्ही एकाच सावलीत ठेवले. पारे अगदी सारखे! रशिया-अमेरिकेने एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

आपला आज्ञाधारक,
धोंडू
(निमंत्रक, हवामान संशोधन समिती)

ता. क. या शोधाचं श्रेय कुठल्या सोसायटीचं, यावर माझी आणि शरच्चंद्रांची भिंतीवरून जुंपलेली असताना ती दोघं देवळात हार घालून मालवणच्या एस.टी.त बसली. (सुलक्षणाला सगळं ठाऊक होतं. तिने लाडूही बांधून दिले.) हे पत्र पोचेल तेव्हा ती तुमच्याच ओटीवर असतील. कृपा करून घरात घ्या.

पुन्हा ता. क. मालनला म्हणावं, बाप रागावलेला नाही. ती नीट जेवते का, तेवढं कळवा. शरच्चंद्र इथेच माझ्या खाटेवर बसून डोळे पुसताहेत, त्यांना बाळाची खुशाली हवी आहे. दोन वेगळी पत्रं नकोत. एकच पाठवा, आम्ही मिळून वाचू.