दुधाबरोबरची गोळी

आप्पा, तुम्हाला आईच्या गोळीबद्दल सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. आता मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला आहे आणि कासुर्डीकडचं घर काकांवर सोपवून आईला इथं माझ्या खोलीवर घेऊन आले आहे. पण ही खुशाली कळवायला मी लिहीत नाहीये. मध्यंतरी जे ऐकलं त्यातून मी अजून सावरलेले नाही. ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं हे सुचत नाही, आणि तुम्हाला तरी सांगावं का, तेही ठरत नाही.

आपल्या घरातली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नीट उजाडलेलंही नसतं. तुम्ही शेळीची धार काढता आणि दुधावरचा फेस बसायच्या आत पेला घेऊन चुलीपाशी येता. आई भाकरी थापत असते. थायरॉइडच्या बाटलीतली ती बारकी पांढरी गोळी तुम्ही तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरता. ती हाताचं पीठ झटकते, गोळी तोंडात टाकते, वरून दूध पिते, आणि रिकामा पेला तुम्हीच उचलून नेता. पलीकडून आजी म्हणायची, "माझा ल्योक बायकूचा कंपाउंडर झालाय." तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला घेऊन यायचात. मला वाटायचं, माझ्या मैत्रिणींपैकी कुणाच्याच वडिलांना हे जमत नाही.

एकदा मी विचारलं होतं, गोळी पाण्यानं का नाही घ्यायची. विचारायला तुम्हीच लावलं होतंत. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तुम्ही शिकवलीत, आणि प्रत्येक अक्षराबरोबर एकच गोष्ट बजावायचात: कुणी सांगितलं म्हणून मान हलवायची नाही, का ते विचारायचं. म्हणून मी विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही सांगितलंत की आपली माणसं मेंढरं घेऊन गावोगाव फिरायची तेव्हा परक्या शिवारातलं पाणी बाधायचं, माणूस औषधानं बरा व्हायच्या आधी पाण्यानं आजारी पडायचा. म्हणून औषध कुठलंही असो, ते आपल्याच जनावराच्या दुधातून घ्यायचं. पाणी कुणाचं कसं असेल सांगता येत नाही, दूध मात्र आपल्या डोळ्यांसमोर काढलेलं असतं. मला ते तेव्हा पटलं, आणि खरं सांगायचं तर आजही त्यात मला चूक सापडत नाही. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसासाठी ते अगदी बरोबर होतं.

पण आई बरी झाली नाही. उन्हाळ्यातही तिला गोधडी लागायची. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बसल्या जागी डोळा लागायचा, आणि आजी तिला झोपाळू म्हणायची. यवतचे डॉक्टर गोळी वाढवत गेले. मग पोटात जळजळ सुरू झाली, तेव्हा मेडिकलवाल्यानं ॲसिडिटीची गोळी दिली आणि तीही रोज सकाळची झाली. तुम्ही गेल्यावर पेला आई स्वतःच भरून घेऊ लागली. शिरूरला आल्यावर शेळी नव्हती, तर पिशवीचं दूध कोमट करून घ्यायची. मी समोर बसून चहा पीत ते बघत असायचे.

मग एक दिवस ती खोलीचा जिना चढता चढता मध्येच बसली. तिला उठताच येईना. इथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, नाडी मंद आहे म्हणाल्या, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. एवढा मोठा डोस चालू असताना रिपोर्ट असा कसा, हे त्यांना कळेना. असंच राहिलं तर हृदयाला झेपणार नाही, पुण्याला न्यावं लागेल, असं त्या सरळ बोलल्या. मग त्यांनी आईला विचारलं, गोळी कशाबरोबर घेता.

"पाण्यासंगं घेते की," आई म्हणाली.

त्याच सकाळी तिनं माझ्यासमोर दूध कोमट केलं होतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. कामावरही एक ओरखडा दिसला तर मी अख्खा लॉट परत पाठवते आणि सगळ्यांच्या शिव्या खाते. मी म्हणाले, नाही मॅडम, दुधाबरोबर घेते, आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, एकेक गोष्ट सांगत गेल्या. दुधातलं कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, मग ती अंगात न जाता तशीच बाहेर पडते. शिवाय गोळी नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ॲसिडिटीची गोळी तेच आम्ल कमी करते. म्हणजे एकीकडे वाढवलेला डोस आणि दुसरीकडे त्याला अडवणाऱ्या दोन गोष्टी, रोज, एकाच वेळी. मी फोनवर काहीबाही वाचलं होतं, म्हणून विचारलं, आम्ल वाढवायला लिंबूपाणी देऊ का. त्या म्हणाल्या, घरचे उपाय नकोत. उठल्यावर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यानं गोळी, मग तासभर दूध नाही, चहा नाही, काही नाही. कॅल्शियमची गोळी कधी घेतलीच तर ती रात्री. ॲसिडिटीच्या गोळीचं मी तपासून ठरवीन, मनानं बंद करू नका. डोस आत्ता आहे तेवढाच ठेवू.

मी विचारलं, मग इतकी वर्षं हिला काहीच लागलं नाही का. त्या म्हणाल्या, "थोडी लागली असणार. नाहीतर त्या इथं बसल्या नसत्या."

आप्पा, त्या क्षणी मला आई दिसलीच नाही. मला तुम्ही दिसलात, पेला घेऊन येणारे.

परत येताना आई दम खायला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मी विचारलं, खोटं का बोललीस. ती बाजाराकडे बघत होती. म्हणाली, बरोबर उत्तर तेच होतं म्हणून दिलं. मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली की गोळी सुरू झाली त्याच दिवशी यवतच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं, पाण्यानं घ्या, दूध नको. तुम्ही तेव्हा बाहेर गाडीपाशी होतात.

"मग आप्पांना सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच सकाळी पेला घिऊन आलं. लगीन हुन आल्यापास्नं त्या घरात मला कुणी कायबी आयतं हातात दिलं नव्हतं. पाण्यानं घेते म्हणले असते तर पाणी मलाच उठून घ्याया लागलं असतं."

"आणि ते गेल्यावर?"

"मग तर कसं सोडायचं?"

एवढं बोलून ती उठली आणि मेथी घ्यायची आठवण करून दिली. मी तिच्या मागून चालत होते. तुम्हाला माहीत नव्हतं आणि तिला माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही दोघं रोज सकाळी समोरासमोर असायचात.

आता ती पाण्यानं गोळी घेते. मॅडमनी तपासून ॲसिडिटीची गोळीही बंद केली. सूज उतरली आहे. पुण्याला न्यावं लागलं नाही, आणि परवाच्या रिपोर्टनंतर डोस कमी झाला. आवाज इतका मोकळा झालाय की काकांनी फोनवर विचारलं, कोण बोलतंय. काल मी तिला विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, "अंगानं बरं हाय. पर सकाळी उठायची घाई न्हाई आता."

हे तुम्हाला कुठं पाठवणार? आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, हे लिहिता लिहिता कळलं. का ते विचार, असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून वाटत होतं, तुम्ही असतात तर मी सगळं स्पष्ट सांगितलं असतं. नसतं सांगितलं. तुम्ही उठायच्या आत मी आईला पाण्यानं गोळी दिली असती, तुम्ही दुधाबरोबर द्यायचात त्या गोळ्यांच्या बाटलीत साखरेच्या गोळ्या भरल्या असत्या, आणि वरचं लेबल तसंच राहू दिलं असतं.