निरोगी गटात माझे नाव

३ मार्च
धाकटा भाऊ जाऊन आज वर्ष झाले. झोपेत फिट आली. सकाळी उठलाच नाही. आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे. लिहायला शांतता हवी म्हणून त्याच्या खोलीत झोपायला आलो. ही नको म्हणत होती.

६ मार्च
रोज लिहिणे जमले नाही. अपस्माराच्या संशोधनाला मदत करणाऱ्या चार मोठ्या संस्था एकत्र येत आहेत. पैसा एकत्र, रुग्णांची माहिती एकत्र. आम्हालाही बोलावले आहे. आमच्या संस्थेत मी, ही आणि मेहुणा. संस्थेला धाकट्याचे नाव आहे, ते तिथे राहणार नाही. मी साफ नाही म्हटले. मेहुणा म्हणाला, दाजी, आपल्या पैशात तपासणीच्या यंत्राचं झाकण येईल फार तर. मी म्हटले, झाकण तर झाकण, पण त्यावर नाव त्याचं.

१० मार्च
सकाळी जीभ चावलेली. उशीवर रक्त. दातांचा दोष. हिने अभ्रा बदलला.

१७ मार्च
पाचही संस्थांची बैठक. संशोधक बाई म्हणाल्या, झोपेत माणूस का दगावतो हे मूठभर घरांवरून कळत नाही, शेकडो घरं लागतात, ती एका संस्थेकडे नसतात. सख्ख्या भावंडांनाही तपासायचंय. मी ठणकावले, आमच्याकडे दुसऱ्या कोणाला काही नाही. तेवढ्यात हातातला कप उडाला. कपाचा कान फार गुळगुळीत होता. चहा बाईंच्या कागदांवर. कागद पुसायचे सोडून बाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या. काय ही रीत!

२२ मार्च
गाडी आमच्याच फाटकाला घासली. वळणापासून फाटकापर्यंतचे काही आठवत नाही. विचारात इतका गढलो होतो. एकाग्रता वाढली आहे. गाडीची किल्ली सापडत नाही. हिलाही सापडत नाही म्हणते, पण शोधत नाही.

२६ मार्च
पुन्हा जीभ. खांदाही धरला आहे. गादी बदलायची. दातांचे डॉक्टर म्हणाले, दात उत्तम आहेत. डॉक्टरही बदलायचे. ही म्हणाली, अहो, भावजींचंही जिभेपासूनच सुरू झालं होतं. दुःखाने बिचारीला सगळीकडे तेच दिसते. तिला सांभाळून घ्यायचे ठरवले.

३० मार्च
तोडगा सुचला. संशोधनाला तुलनेसाठी निरोगी माणसेही लागतात. संस्था वेगळी ठेवायची आणि आपण निरोगी म्हणून जायचे. मोठेपणाचा मोठेपणा आणि नावही शाबूत. बाईंना फोन केला. जरूर या, म्हणाल्या. लगेच या, म्हणाल्या. मेहुणा सोडायला येणार. म्हणतो, एवढा निरोगी माणूस रिक्षाने कसा पाठवू?

४ एप्रिल
डोक्याला तारा लावल्या. डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला. मग बहुधा डोळा लागला. जाग आली तेव्हा कुशीवर होतो, कॉलर सैल, ही हात धरून बसलेली. जीभ चावलेली. खोलीत गारवा चांगला होता. बाई म्हणाल्या, तुम्हाला निरोगी गटात घेता येणार नाही. जागा भरल्या असतील.

९ एप्रिल
गोळ्या सुरू. आज घरीच आमच्या संस्थेची सभा. दोन विरुद्ध एक. संस्था पाचांत सामील. धाकट्याचे नाव गेले. संशोधनाच्या यादीत आमचे घर आहे, धाकट्याचे आणि माझे, असे मेहुणा म्हणाला. या वेळी थट्टा केली नाही त्याने.

संध्याकाळी हिने पलंगाशी आमची पुस्तिका ठेवली. धाकटा गेल्यावर मीच लिहिली होती आणि भेटेल त्याला वाटली होती. ही म्हणाली, एकदा स्वतः वाचा. वाचली. त्यात आहे, "रुग्ण बऱ्याचदा आजार मान्य करीत नाही. त्याच्याशी वाद घालू नये. मात्र त्याला एकटे झोपू देऊ नये."

ही वाद घालत नाही. तिने आपली गादी या खोलीत आणून टाकली आहे.

खोली लहान आहे. मी थोडा सरकलो.