बांध घालणाऱ्या पेशी

बाबा, तुमच्या पोटात नेमकं काय झालं होतं, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, डॉक्टर बोलायचे ते मलाही अर्धंच कळायचं. आता माझं रोजचं कामच ते आहे. स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसते. तुम्ही म्हणाला असता, "एवरी शिकलीस नि दिवसभर काचंत डोला घालून बसतेस?"

त्या स्वादुपिंडात चांदणीसारखे हातपाय पसरलेल्या पेशी असतात, त्यांना तारकापेशी म्हणतात. एरवी अगदी गरीब. अंगात तेलाचे थेंब, त्यात अ जीवनसत्त्व साठवून आजूबाजूची डागडुजी करत राहतात. जखम झाली, सूज आली की मात्र ते तेल सोडून देतात आणि चिवट धागे विणत सुटतात. जखम भरते. पण मार पुन्हा पुन्हा बसत राहिला तर त्या थांबतच नाहीत आणि मऊ अवयव निबर होतो. आत कर्करोगाची गाठ असली तर तिच्याभोवती असं कुंपण उभं राहतं की औषधाला आत शिरणं मुश्कील. तेच कुंपण कधी गाठीला आवरूनही धरतं, म्हणून सरसकट पाडूनही चालत नाही. तुम्ही विचारायचात, "औषध लागत का न्हाय गं?" त्याचं हे उत्तर, निदान अर्धं. सुरुवातीला मला या पेशींचा फार राग यायचा. आता येत नाही.

यंदा हे सगळं दादाला सांगायची वेळ आली. दारूनं त्याचंही स्वादुपिंड सुजलं, दुसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले, आत व्रण धरायला लागलाय, प्यायचं आत्ताच सोडायला हवं. मी मांडव्याला बोटीतून उतरून थेट घरी गेले. पेशींचं ऐकून त्यानं जांभई दिली. मग मी त्याला आपल्या खारबांधाची आठवण करून दिली. उधाणानं बांध फुटला, तुम्ही हाक मारलीत आणि सगळं गाव हातोहात चिखल देत उभं राहिलं. भगदाड बुजलं तरी कुणी थांबेना. शेतातलं पावसाचं पाणी जिथून खाडीत जायचं ती उघाडीसुद्धा जोशात लिंपून टाकली. खारं पाणी बाहेर राहिलं आणि भात आतल्या आत कुजलं. तुम्ही पुढे हसत सांगायचात, "समद्यांनी मिलून आपलाच भात बुरवला."

दादा हसला नाही. त्यानं विचारलं, "मंग बाहेरचा पानी बंद केला त ती मानसा घरा जातील का?"

"जातील," मी म्हटलं. "तू पिणं सोड, त्या पुन्हा शांत होतील."

तेव्हापासून त्यानं थेंबाला हात लावलेला नाही. संध्याकाळी बांधावर फेऱ्या मारतो, चिडचिड करतो, जेवून झोपतो. वहिनी फोनवर हळूच म्हणते, "तुमचा ऐकला बघा यांनी."

या पत्राला पत्ता नाही ते बरंच आहे. मी 'जातील' असं ठणकावून सांगितलं, बाबा. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्या पेशी शांत होताना मी पाहिल्यात. दादाच्या पोटातल्या होतील का, मला माहीत नाही.