कालीबाईची डाकीण

नंदुरबार, ३ नोव्हेंबर १९३८

चि. मार्था हिस ताईचे आशीर्वाद.

मी ठीक आहे, हे आधी वाच.

माझी स्वयंपाकीण कालीबाई महिनाभर खोकत होती, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी क्षय तपासायला थुंकी मागितली, तर ही दारातच बसली. "बाई, मन्ही थुकी कोनलेबी देवाव नही. डाकीनना हातमा पडनी तं?" चाळीस वर्षे मुली शिकवून हेच ऐकायचे! मी रागाने दुसरी बाटली घेऊन तिच्यादेखत तीत थुंकले. "घे, आता डाकीण आधी मला खाईल."

मग तिनेही थुंकी दिली आणि दोन्ही बाटल्या तपासायला धुळ्याला गेल्या. तिथून निकाल आला. कालीबाई साफ आहे. जंतू माझ्या बाटलीत निघाले.

"बाटल्या बदलल्या असतील," असे मी डॉक्टरांना सुनावले. त्यांनी पुन्हा तपासले, निकाल तोच. आता व्हरांड्यात पडून राहायचे आणि रोज माशाचे तेल प्यायचे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चमचा घेऊन आली की तू माझे नाक दाबायचीस, आणि तुझा वाटाही मीच प्यायचे, आठवते? आता कालीबाई दाबते. तुझा हात हलका होता.

नाताळला मी येत नाही. मे महिन्यात तुझ्या नातवाला मी मांडीवरून उतरवलेच नव्हते. त्याला आजच डॉक्टरांना दाखव. ती डाकीण मीच निघाले नाही ना, एवढे उलट टपाली कळव.

तुझी,
एस्तेरताई