भराव खचल्यावरची आग

आई,

तू माझ्याकडे आलीस तेव्हा जेवढ्या वयाची होतीस, तेवढी मी आता झाले आहे. गुडघे तुझ्यासारखेच दुखतात, आणि चहात साखर घालते म्हणून माझी लेक मला फोनवर रागावते, जशी मी तुला रागवायचे. नोकरी सुटून काही वर्षं झाली. तरी एप्रिल लागला की सकाळी चहाच्या आधी मी दार उघडून बाहेर बघते, शिखरांवर बर्फ किती उरलंय आणि उतारावरचं गवत किती वाळलंय. हे बघायला आता मला कुणी सांगत नाही. यंदा बर्फ पुष्कळ आहे आणि खाली थेंब नाही. त्या वर्षी होतं, अगदी तसं.

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. ह्यांना कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला काम मिळालं होतं आणि ते पंधरा दिवसांतून एकदा विमानानं घरी यायचे. मी इथे न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, हवामान कार्यालयात पाळ्या करत होते आणि तुझी नात तिसरीत होती. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, तूही कॉर्पोरेशनच्या शाळेतून रिटायर झाली होतीस. मी म्हटलं, ये. न्यू जर्सीच्या मावशीनं आयसेलिनच्या साड्यांच्या दुकानांचे फोटो तुला पाठवले होते, तेवढीच अमेरिका तुला ठाऊक होती. विमानतळावरून घरी येताना गाडीच्या खिडकीतून तपकिरी माळ, खुरटी झुडपं आणि लांबवर पांढरी शिखरं तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "नागपूरचं ऊन सोडून तू एवढ्या दूर आली, आणि पुन्हा उजाड माळावरच राहून राहिली?"

माझं काम तुला समजावून सांगताना माझी त्रेधा उडायची. एकदा तू ओट्याशी उभी आहेस, मी पाळीवरून येऊन बूट काढतेय, आणि तू विचारतेस, "आज काय सांगितलं लोकांना?" मी सांगते, नदीकाठी पुराचा इशारा दिला आणि बाकीच्या जिल्ह्याला आगीचा. तू पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघतेस. "एकाच दिवशी पूर आणि आग? तुमचं ऑफिस ठीक आहे ना?" मग मी तुला खिडकीशी नेऊन दाखवते. वर ऊन चढलं की बर्फ झपाट्यानं वितळतं आणि ओढे फुगतात. खाली मात्र महिना महिना पाऊस नसतो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि दुपारी नैर्ऋत्येकडून वारा सुटला की एक ठिणगी पुरते. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे पाण्याच्या शेजारी उभं राहून जळायचं." तुझी पोळी करपली होती.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी आपलं वाजलं, आठवतं? तू पांढरी साडी नेसलीस, खीर केलीस, आणि पायरीवर मेणबत्त्या मांडल्यास, आपल्या वस्तीत मांडायचो तशा. वारा भणाणत होता. मी धावत बाहेर आले आणि फुंकून सगळ्या विझवल्या. तू मेणबत्त्या गोळा करून आत गेलीस. जेवताना फक्त नातीलाच वाढलंस. शेवटी नातीनंच इंग्रजीत विचारलं, आजी रागावली आहे का? तू तिला मराठीत उत्तर दिलंस, "तुझी आई जगाला भिववते आणि स्वतःच भिते." मग तू परातीत पाणी घातलंस आणि हॉलच्या मध्यावर, खिडक्या बंद करून, त्यात मेणबत्त्या उभ्या केल्यास. आपण तिघींनी बुद्धवंदना म्हटली. नातीला निम्मी येत होती, निम्मी ती ओठ हलवून काढत होती.

शेजारच्या बाईंशी तुझी ओळख मिरच्यांमुळे झाली. त्या एकट्याच राहायच्या, तुझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या. सासऱ्यांच्या काळातलं मातीचं घर, मागे सफरचंदाची झाडं, थोड्या कोंबड्या. घरात स्पॅनिश बोलायच्या, आमच्याशी इंग्रजी. त्यांच्या ओसरीवर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या बघून तू रस्त्यावरच थांबलीस आणि हात लावून बघितलंस. त्यांनी आतून पाहिलं आणि तुला घरात घेतलं. त्यानंतर मी कामावर गेले की तू तिकडे. त्या मक्याच्या आणि मैद्याच्या पातळ पोळ्या करायच्या, तू बघत बसायचीस. "पोळीच आहे ती," तू मला सांगितलंस, "फक्त तेल नाही लावत बिचारी." तुझं इंग्रजी वाचण्यापुरतं, त्यांना मराठीचा गंध नाही. तुम्ही काय बोलत होतात ते मला कधी कळलं नाही. त्या तुला सेन्योरा म्हणायच्या, तू त्यांना बाई.

मेमध्ये उष्णतेची लाट आली आणि बर्फ एकदम सुटलं. नदी गढूळ होऊन दुथडी भरली, झाडांचे बुंधे वाहून आले, आणि एका सकाळी खालच्या पुलाचा अलीकडचा भराव खचला. तू नि बाई इतर लोकांबरोबर काठावर उभ्या राहून बघत होतात. पूल तसाच, पण त्याच्याकडे जाणारा रस्ताच नाही. गावातून बाहेर पडायला आता एकच वाट उरली, वरची, पाईनच्या जंगलातून खिंड ओलांडून जाणारी. मी त्याच वाटेनं कामावर जाऊ लागले आणि नातीची शाळेची बसही तिकडून जाऊ लागली. त्या आठवड्यात गाडी चालवताना मी दोन्ही बाजूंची झाडं बघायचे, किती वाळलीत ते. तुला मी ते सांगितलं नाही.

ज्या दिवशी आग लागली त्या दिवशी सकाळपासूनच मला वाऱ्याचा रागरंग दिसत होता. टेकडीवरच्या टेहळणी मनोऱ्यावरून जेवणाच्या सुमाराला फोन आला, खिंडीच्या नैर्ऋत्येला धूर. थोड्याच वेळात तो सरळ उभा राहायचा सोडून आडवा झाला. आगीच्या वाटेत कोणकोणती गावं येतात ती मी टाईप करत होते, आणि शेवटचं नाव आपल्या गावाचं होतं. माझे साहेब माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "पाठव. आणि मग घरी फोन कर."

तू पहिल्याच घंटीला फोन उचललास.

"आई, धूर दिसतोय?"

"दिसून राहिला ना. सूर्य लाल झाला."

"तुझी नात शाळेत आहे, ती तिकडे सुरक्षित आहे. पोलीस घरोघरी येतील. पासपोर्टची पिशवी घे, बूट घाल, आणि त्यांच्या गाडीत बस. वरचा रस्ता किती वेळ उघडा राहील सांगता येत नाही."

"आत्ताच तिकडून आले. बाई नाही येत म्हणते."

"काय?"

"खुर्चीवर बसून आहे. म्हणते, मी इथंच राहीन."

"आई, त्यांना पोलीस बघतील. तू नीघ. ऐकतेस ना? आत्ताच्या आत्ता."

तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. 

त्यानंतर मी फोन करत राहिले आणि तो वाजत राहिला. मी म्हटलं, निघाली असेल. रेडिओवरून कळलं की खिंडीतून शेवटच्या गाड्या काढताहेत. मग कळलं, रस्ता बंद केला. साहेब म्हणाले तू जा, पण जायला वाट कुठे होती? मी खुर्चीतच बसून वाऱ्याचे आकडे वाचत राहिले, दर थोड्या वेळानं नवा इशारा लिहीत राहिले. लोकांनो, ताबडतोब बाहेर पडा. तेच शब्द, पुन्हा पुन्हा. माझे हात व्यवस्थित चालत होते याचं मला आजही नवल वाटतं.

पाळी संपल्यावर मी शहरातल्या हायस्कूलच्या जिममध्ये गेले. तिथे सगळ्या गावांतल्या लोकांना आणलं होतं. खाटा, ब्लँकेटं, रडणारी पोरं, बांधलेली कुत्री. आणि त्या गर्दीत बास्केटबॉलच्या जाळीखाली तू, सुती साडीवर माझं जाकीट, पायात बूट. शेजारी बाई, त्यांच्या मांडीवर फळांची पेटी आणि पेटीत कोंबड्या. शाळेतून थेट तिथे आणलेली नात आधीच तुला येऊन बिलगली होती. मी तुझ्यापाशी येऊन उभी राहिले आणि माझा आवाज फुटला. "कुठे होतीस तू? शेवटच्या गाडीत आलीस ना? मी सांगितलं होतं नीघ म्हणून!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. तू माझा हात धरून मला खाली बसवलंस आणि म्हणालीस, "पोरीला भूक लागली. आधी काही खायला बघ."

चार दिवसांनी आपल्याला परत जाऊ दिलं. आगीनं उतार उतरताना कुठे उडी मारली आणि कुठे नाही याला काही हिशेब नव्हता. आपलं घर उभं होतं, भिंतीला नुसती काजळी. बाईंच्या घराच्या मातीच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आत राख. सफरचंदाची झाडं काळी, एकाला एका बाजूनं अजून फुलं होती. बाई फाटकात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. तू त्यांच्याजवळ गेलीस. मला वाटलं तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवशील. तू तसं काही केलं नाहीस. पदर खोचलास, पायानं राख बाजूला केलीस आणि आत जाऊन शोधायला लागलीस. तवा सापडला. तू तो बाहेर आणून त्यांच्या हातात दिलास. तेव्हा त्या रडल्या.

त्या उन्हाळाभर बाई आपल्याकडे राहिल्या आणि तू तिकीट पुढे ढकललंस. जुलैत जळक्या डोंगरावर पाऊस पडला. जळलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते राख आणि दगड घेऊन सरळ खाली येतं. आपण चौघी वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो, आणि तो काळा लगदा बाईंच्या अंगणातून, त्या चार भिंतींमधून वाहत गेला. बाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. ऑगस्टमध्ये त्या मुलीकडे अल्बुकर्कीला गेल्या, कायमच्या. जाताना त्यांनी त्यांचा तवा तुला दिला आणि तू तो सामानात घालून नागपूरला नेलास, एक साडी कमी करून.

तू नागपूरला परतल्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाईंना भेटायला गेले. तेव्हा त्यांनी मला त्या दुपारचं सांगितलं. पोलीस त्यांच्या दारात हॉर्न वाजवत होता. बाई म्हणाल्या, नवरा इथे गेला, मीही इथेच जाईन. पोलीस तुला म्हणाला, तुम्ही तरी चला. तू पिशवी खाली ठेवलीस. बूट काढलेस, दाराशी जोडीनं नीट ठेवलेस, जसे कुणाच्या घरी गेल्यावर ठेवतात. आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसलीस. काही बोलली नाहीस. खिडकीबाहेर आकाश नारिंगी झालं होतं, राख पडत होती, आणि तू हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. बाई मला म्हणाल्या, "मला मरणाची भीती नव्हती. पण पाहुणी माझ्या स्वयंपाकघरात मरणार, हे मला कसं चालेल? ती मला चल म्हणाली नाही. मीच उठले आणि तिला म्हणाले, सेन्योरा, बूट घाल, चल." मग त्यांनी कोंबड्या पकडल्या, आणि तू पेटी धरलीस.

घरी येऊन मी तुला नागपूरला फोन लावला. तुझ्याकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "आई, बाईंनी मला सगळं सांगितलं. तुला माहीत होतं का, त्या उठतील म्हणून?"

"नाही," तू म्हणालीस.

"आणि त्या उठल्या नसत्या तर?"

लाईन खरखरत होती. मग तू विचारलंस, "पोरगी वंदना पूर्ण म्हणते का आता?"

पुढल्या वर्षी तू गेलीस. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सांत्वनाला येणारा जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता, आणि मीही त्यांना ती आगीची गोष्ट सांगत होते. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. इथेही मी ती पुष्कळांना सांगितली, ऑफिसात नव्या मुलांना शिकवतानासुद्धा. माणसं इशारा ऐकूनही घर का सोडत नाहीत, त्यांना कसं बाहेर काढावं, हे सांगताना. सगळे म्हणतात, काय बाई असेल तुमची आई! मी मान हलवते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ती गोष्ट सांगताना दर वेळी मी त्या खुर्चीपाशी येऊन थांबते. तुला पोरगी होती, नात होती. माझे बाबा नुकतेच गेले होते. तिकडे मी फोन धरून बसले होते, आणि तू बूट काढलेस. लोकांसमोर मी अभिमानानं बोलते, आई, आणि तो अभिमान खोटा नाही. पण मला तुझा अजून राग येतो.