दोन पिवळे दिवे

शुक्रवार, दिवेलागण झाल्यावर

सूनबाई पास झाली! आमच्या कुलदैवतानं, सिद्धनाथानंच लाज राखली. मालगाडीची गार्ड व्हायची तोंडी परीक्षा, आधी एकदा नापास झालेली, आजची शेवटची संधी.

दिवसभर मन खात होतं. काल सिग्नलांची उजळणी घेताना मीच ठासून म्हटलं, "दोन पिवळे म्हणजे जास्त धोका. एकापेक्षा दोन मोठे."

ती हसली. "आवं आई, उलटं हाय. दोन पिवळ्यांनंतर एक पिवळा येतो, मग लाल."

मला काही पटेना. मग तिनं हळदीची बोटं उमटवली. उंबऱ्याला दोन, स्वयंपाकघराच्या दाराला एक, आणि देवघराच्या चौकटीला कुंकू. केवढी हळद वाया, असंही मनात आलं. पण पदर खोचून मी गाडी झाले, दोन बोटांपाशी पाऊल आवरलं, एकापाशी अजून हळू झाले, कुंकवापाशी थांबले. तेव्हा कुठं कळलं.

पण माझं चुकीचंच तिच्या डोक्यात बसलं तर? ही धास्ती फोन येईपर्यंत होती.

"आई, सायबांनी तेच विचारलं! मला तर तुमीच दिसला, पदर खोचून चाललेल्या. लय हसू येत हुतं."

देवा, माझ्या अडाणीपणाचंही तू सोनं केलंस.